चाइल्ड स्टडी टीमसाठी सही मागतायत, करू का?

पत्र

ताई,

आम्ही मागच्या ऑगस्टमध्ये पुण्याहून न्यू जर्सीला आलो. नवरा एच-वनवर (नोकरीचा व्हिसा), मी एच-फोरवर (जोडीदाराचा व्हिसा) घरी. गाव अगदी छोटं आहे. स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे गावच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेत, दोन एलिमेंटरी आणि एक मिडल स्कूल; हायस्कूलला मुलं शेजारच्या रीजनलला, म्हणजे काही गावांच्या सामाईक शाळेत, जातात. शाळांचं रेटिंग बघूनच इथे घर भाड्याने घेतलं. मुलगा साडेसात वर्षांचा, सेकंड ग्रेडला. पुण्यात इंग्रजी माध्यमात होता, तरी इथे त्याला ईएसएलला, म्हणजे इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांच्या वर्गाला, घातलं. तेव्हाच आम्हाला लागलं होतं. आता टीचर म्हणतात, वाचनात तो फार मागे आहे, वेगळा सराव देऊनही फरक पडत नाही, चाइल्ड स्टडी टीमकडून, म्हणजे शाळेच्या तज्ज्ञांकडून, इव्हॅल्युएशन (तपासणी) करून घ्यावं. गणितात तो चांगला आहे. आजीला व्हिडिओ कॉलवर अर्धा अर्धा तास गोष्टी सांगतो. पण पुस्तक उघडलं की पोट दुखतं.

नवरा म्हणतो, सही करू नकोस. स्पेशल एज्युकेशनच्या मुलामागे शाळेला पैसे मिळतात म्हणून ते मुलं ओढतात. शिक्का एकदा बसला की कॉलेजपर्यंत पाठ सोडत नाही, शिवाय उद्या व्हिसाला काही झालं तर? सासूबाई म्हणतात, आपल्या घराण्यात असलं काही नाही, घरात इंग्रजी बोला म्हणजे आपोआप येईल. आणि मला त्या मीटिंगचीच भीती वाटते. ते पाच-सहा जण, मी एकटी. इंग्रजी येतं, पण भराभर बोलायला लागले की माझं डोकं बंद पडतं.

आणखी एक. घर शाळेपासून 1.8 मैलांवर आहे म्हणून बस मिळाली नाही. माझ्याकडे लायसन्स नाही. थंडीत रोज चालत नेते. काही करता येईल का?

एक गोंधळलेली आई, न्यू जर्सी

उत्तर

अगं, सही कर. आणि नुसती सही करून थांबू नकोस, हे इव्हॅल्युएशन तू स्वतः लेखी माग. टीचर तोंडाने म्हणाल्या, फोनवर म्हणाल्या, या गोष्टीला इथे तारीख नसते. तू लिहून दिलंस की त्या दिवसापासून घड्याळ सुरू होतं. लेखी मागणी पोचली की न्यू जर्सीत शाळेच्या सुट्ट्या वगळून 20 दिवसांत डिस्ट्रिक्टला तुझ्याबरोबर मीटिंग घ्यावी लागते. तिथे ठरलं आणि तू संमती दिलीस की पुढच्या 90 दिवसांत तपासण्या, निर्णय आणि गरज असेल तर मदतीची सुरुवात, हे सगळं उरकायचं असतं. सेकंड ग्रेडच्या मुलाला दोन महिने फुकट घालवणं परवडत नाही. थर्ड ग्रेडपासून सगळे विषय वाचूनच शिकायचे असतात आणि राज्याची परीक्षाही तिथूनच सुरू होते.

आता नवऱ्याच्या पैशाच्या मुद्द्याकडे येते, कारण हा समज आपल्या लोकांत फार पसरलेला आहे आणि तो बरोबर उलटा आहे. अपंग मुलांच्या शिक्षणाचा मूळ केंद्रीय कायदा 1975 चा. तेव्हा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, म्हटलं होतं की या मुलांच्या जादा खर्चासाठी देशातल्या सरासरी दरडोई शालेय खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत वाटा आम्ही उचलू. तो आकडा आजवर कधीच गाठला गेलेला नाही, आज तर त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. उरलेलं कोण भरतं? राज्य थोडं, आणि बाकी तुमच्या गावाचा प्रॉपर्टी टॅक्स. तुम्ही भाड्याने राहता म्हणून तो भरत नाही असं समजू नका. घरमालक तो तुमच्याच भाड्यातून काढतो. तेव्हा छोट्या डिस्ट्रिक्टला असं प्रत्येक मूल म्हणजे बजेटमध्ये जास्तीची ओळ. एखाद्या मुलाला गावाबाहेरच्या खास शाळेत पाठवायची वेळ आली तर त्या एकट्याचा वर्षाचा खर्च लाख डॉलरच्या घरात जाऊ शकतो, आणि राज्यात टॅक्स वाढवायला साधारण 2 टक्क्यांची मर्यादा आहे. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत म्हणूनच उलटी तक्रार जास्त असते: "शाळा अजून थांबा म्हणते, आम्हाला इव्हॅल्युएशन हवंय." तुमच्याकडे टीचर स्वतःहून म्हणतायत. त्या बाईंना मी तरी मनातून धन्यवाद देईन.

बरं, सही नेमकी कशावर? हे नवऱ्याला शांतपणे समजावून सांग, कारण भीतीचं मूळ इथेच आहे. सह्या दोन असतात. पहिली तपासणीच्या संमतीची. तिने मूल कुठेही जात नाही, त्याचा वर्ग बदलत नाही, काहीच होत नाही. फक्त त्याला तपासतात. तपासून झाल्यावर "याला स्पेशल एज्युकेशनची गरज आहे" असं टीमचं मत झालं, तर आयईपी नावाचा कागद तयार होतो: याला काय येतं, काय येत नाही, आठवड्यातून किती वेळ, कोण, कुठे शिकवणार. तो पहिल्यांदा अमलात आणायला तुझी दुसरी, वेगळी सही लागते. ती तू दिली नाहीस तर डिस्ट्रिक्ट सुरुवात करूच शकत नाही. आणि दिलीस, पुढे नको वाटलं, तरी लेखी कळवून काढून घेता येते. दर वर्षी आढावा होतो आणि साधारण तीन वर्षांनी पुन्हा पाहतात की मुलाला याची गरज उरली आहे का.

शिक्का कॉलेजपर्यंत जातो हेही खरं नाही. हायस्कूलच्या ज्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रिकेवर) कॉलेज प्रवेश होतात, तिच्यावर मुलगा स्पेशल एज्युकेशनमध्ये होता असं लिहिता येत नाही. उलट ज्या मुलांची नोंद आधीपासून असते त्यांना एसएटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेला जास्त वेळ मिळवणं सोपं जातं. आपल्याकडे दहावीला लर्निंग डिसॅबिलिटीच्या मुलांना जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलती मिळतात, तसंच. त्या वेळी पुण्यातही तीन-चार वर्षं कागद न केलेले पालक दहावीच्या तोंडावर हॉस्पिटलात सर्टिफिकेटसाठी रांगा लावतात, हे तुझ्या नवऱ्याने ऑफिसात कुणाकडून तरी ऐकलं असेलच. अमेरिकेत सरकारी शाळांतल्या शंभरातली साधारण 15 मुलं कुठली ना कुठली स्पेशल एज्युकेशनची सेवा घेतात. म्हणजे तुझ्या लेकाच्या वीसेक मुलांच्या वर्गात तो एकटा असण्याची शक्यता तशी कमीच.

व्हिसाचं एका परिच्छेदात संपवते. 1982 सालच्या प्लायलर खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलं आहे की स्थलांतराच्या स्थितीवरून मुलाला सरकारी शाळा नाकारता येत नाही, आणि न्यू जर्सीत शाळा ती स्थिती विचारतही नाही. शाळेला हवे असतात पत्त्याचे, लसीकरणाचे आणि वयाचे कागद. मुलाच्या फाइलला 1974 च्या कायद्याने संरक्षण आहे. पालकांच्या लेखी परवानगीशिवाय ती सहसा बाहेर जात नाही, आणि तुला मात्र ती केव्हाही मागून वाचता येते. नवऱ्याच्या मनात तरीही काही राहिलं तर कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला एक ई-मेल टाकायला सांग. शेजारच्या काकांना विचारू नका म्हणावं.

आता तुझ्या पत्रातली जी ओळ मी दोनदा वाचली तिच्याबद्दल. "आजीला अर्धा अर्धा तास गोष्टी सांगतो, पण पुस्तक उघडलं की पोट दुखतं." या एका ओळीत तू टीमला हवी असलेली निम्मी माहिती दिली आहेस, फक्त तुला ते ठाऊक नाही.

त्यांच्यापुढचा खरा अवघड प्रश्न असा आहे: हा मुलगा वाचत नाही तो इंग्रजी नवीन आहे म्हणून, की वाचनाच्या यंत्रणेतच कुठेतरी अडतंय म्हणून? कायदा इथे स्पष्ट आहे. केवळ इंग्रजी कमी येतं किंवा आधी नीट शिकवलं गेलं नाही, एवढ्यावरून मुलाला अपंगत्वाच्या यादीत घालता येत नाही. आणि शक्य असेल तिथे तपासणी मुलाच्या भाषेत करावी लागते. म्हणून तुझ्या लेखी मागणीत एक वाक्य हवंच: घरची भाषा मराठी आहे, तपासणीत मराठीचा विचार व्हावा, मराठी बोलणारा तज्ज्ञ किंवा दुभाषा आणावा. एवढ्या छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये मराठी बोलणारा सायकॉलॉजिस्ट मिळणं कठीण, बहुधा दुभाष्यावर येईल. आणि म्हणूनच मराठीतलं मूल कसं आहे हे सांगणारी त्या टेबलावरची मुख्य व्यक्ती तू असणार आहेस. पहिलं वाक्य कधी बोलला. "काऊ-चिऊ"सारखी यमकं त्याला स्वतःहून सुचतात का. एखादा शब्द तोडून सांगता येतो का, "पाऊस"मधला पहिला आवाज कोणता. आठवड्याचे वार क्रमाने म्हणतो का, की बुधवारवर आला की पुन्हा सोमवारपासून सुरू करतो. मराठी अक्षरं शिकवलीत का, आणि शिकवली असतील तर ती बसायला किती वेळ लागला. रविवारच्या मराठी शाळेत जात असेल तर तिथल्या बाईंनाही विचार. मराठीत अक्षर आणि उच्चार यांचं गणित इंग्रजीपेक्षा कितीतरी सरळ आहे, त्यामुळे डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाचा विशिष्ट दोष, असलेली आपली मुलं मराठी चुकीचं वाचतात त्यापेक्षा फार हळू, दमून वाचतात. तो "कमळ" वाचताना तीन वेळा श्वास घेतो का, हे आज रात्री बघ.

शाळा काय करते तेही सांगते, म्हणजे तुला ती काळी पेटी वाटणार नाही. न्यू जर्सीत चाइल्ड स्टडी टीम म्हणजे तीन जण: स्कूल सायकॉलॉजिस्ट, शिकण्यातल्या अडचणींचा तज्ज्ञ शिक्षक आणि स्कूल सोशल वर्कर. भाषेचा प्रश्न असेल तर स्पीच थेरपिस्ट येतो. यांतला एक जण लेकाला एका छोट्या खोलीत बसवून चित्रांचे ठोकळे, शब्द, आकडे, कोडी करून घेईल. वाचनाच्या तपासणीत मुद्दाम अर्थ नसलेले शब्द देतात, "व्हिब", "टॅझ" असले. हुशार मुलं खरे शब्द चित्रावरून, पहिल्या अक्षरावरून अंदाजाने ठोकून देतात. निरर्थक शब्दावर अंदाज चालत नाही, आणि तिथे खरं काय ते कळतं. सोशल वर्कर तुझ्याशीच बोलेल: बाळंतपण, आजारपण, देश बदलला ते, घरात कोण कोण. काहींना हा चौकशीचा भाग खटकतो. खटकू देऊ नकोस. कागदावर "वडिलांच्या घरी भावंडांपैकी एकाला शाळेत वाचायला अडचण होती" ही नोंद आली तर ती तुझ्या लेकाच्या फायद्याची आहे, कारण डिस्लेक्सिया घराण्यात चालतो.

इथे सासूबाईंचं काम निघतं. त्यांना पटवायच्या भानगडीत पडू नकोस, माहिती माग. "आई, यांना वाचायला कधी यायला लागलं? घरात असं कुणी होतं का, डोकं तल्लख पण पुस्तकाजवळ फिरकायचं नाही?" असा कुणीतरी काका, मामा निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही. "आपल्या घराण्यात असलं काही नाही" हे वाक्य बहुतेक घराण्यांत म्हटलं जातं. आणि घरात इंग्रजी बोला हा त्यांचा सल्ला मात्र सोडून दे, कितीही प्रेमाने दिला असला तरी. दोन भाषांमुळे वाचनाचा दोष निर्माण होत नाही. तू अडखळत्या इंग्रजीत त्याच्याशी बोलायला लागलीस तर त्याच्या पदरी पडणारी भाषा पातळ होईल, आणि आजीच्या अर्ध्या तासाच्या गोष्टीही जातील, ज्या आज त्याचं सगळ्यात भक्कम बळ आहेत. शाळेतलं कुणी असंच म्हणालं तर नम्रपणे "आम्ही घरी मराठीच ठेवणार आहोत" म्हणायचं आणि पुढे जायचं.

ईएसएलमुळे तुम्हाला लागलं, ते मनातून काढून टाक. प्रवेशाच्या वेळी तुम्ही घरच्या भाषेच्या फॉर्मवर मराठी लिहिलंत, त्याला चाचणी दिली, त्यातून ते ठरलं. पुण्याच्या शाळेचा त्यात अपमान नाही. छोट्या डिस्ट्रिक्टची गंमत अशी की ईएसएलची टीचर अनेकदा दोन शाळांत मिळून एकच असते, पुस्तकांची ट्रॉली ढकलत या वर्गातून त्या वर्गात जाणारी. पण ती तुझ्या लेकाला रोज चार-पाच मुलांच्या गटात जवळून बघते. इव्हॅल्युएशनच्या मीटिंगला तिला बोलवा असा आग्रह धर. बाकीची इंग्रजी शिकणारी मुलं जितकी पुढे सरकली तितका हा सरकला का, हे तिच्याइतकं कुणाला सांगता येणार नाही. तो त्यांच्याबरोबर बोलण्यात पुढे गेला असेल आणि वाचनातच मागे राहिला असेल, तर दिशा बरीच स्पष्ट होते. न्यू जर्सीत डिस्लेक्सियाची चिन्हं दिसणाऱ्या मुलांची तपासणी दुसरीच्या पहिल्या सत्राअखेरपर्यंत करायचा कायदाही आहे. ती झाली का, निकाल काय, हे विचार.

या सगळ्याच्या आधी, याच आठवड्यात, डोळे आणि कान तपासून घे. शाळेची नर्स प्राथमिक तपासणी करते, पण डॉक्टरचा कागद हाती असला की मीटिंगमधली पंधरा मिनिटं वाचतात.

आता त्या मीटिंगची भीती.

तुझ्या शाळेतली मीटिंग बहुधा प्रिन्सिपलच्या ऑफिसशेजारच्या खोलीत किंवा थेट एखाद्या वर्गात होईल, मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर. टेबलावर लॅपटॉप, पाण्याच्या बाटल्या आणि टिश्यूचा डबा. तो डबा तिथे आधीपासून असतो, कारण रडणाऱ्या आया त्यांना नवीन नाहीत. टीममधला एकजण भराभर रिपोर्ट वाचून दाखवेल, "परसेंटाइल", "स्टँडर्ड स्कोअर" असे शब्द येतील. माझं ऐक: तिथे पहिल्यांदा काही ऐकायला जाऊच नकोस. पात्रतेचा निर्णय होणाऱ्या मीटिंगच्या किमान 10 दिवस आधी रिपोर्टच्या प्रती पालकांना द्यायच्या असतात. त्या घरी नवऱ्याबरोबर बसून वाच, न कळलेल्या ओळीपुढे पेन्सिलने खूण कर, आणि मीटिंगला तेच कागद हातात घेऊन जा. मुलाच्या मीटिंगसाठी पालकांना फुकट दुभाषा देणं हे डिस्ट्रिक्टचं काम आहे. आधी लेखी सांगितलंस तर मराठीसाठी फोनवरून तरी ते करतात. "मला इंग्रजी येतं" म्हणून लाजेने नाही म्हणू नकोस. आणि नवऱ्याला दुभाषा करू नकोस. तो तिथे बापाच्या खुर्चीवर हवा, त्याला स्वतःचं काही म्हणायचं असणार, तो निम्मं भाषांतर करेल आणि निम्म्यावर वाद घालेल.

सोबत कुणालाही नेता येतं. राज्यात स्पॅन नावाची पालकांना मदत करणारी संस्था आहे, फोनवरून फुकट मार्गदर्शन करते; मीटिंगच्या आधी तिच्याशी एकदा बोल. न्यू जर्सीच्या शिक्षण खात्याची पालकांच्या हक्कांची एक पुस्तिका आहे, प्राइझ म्हणतात तिला, ती शाळा देतेच. जाड आहे, कंटाळवाणी आहे, पण संमती आणि मुदतींचं प्रकरण तरी वाच. टीमच्या तपासणीशी तू सहमत नसशील तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून दुसरी तपासणी डिस्ट्रिक्टच्या खर्चाने मागता येते; ती नाकारायची असेल तर डिस्ट्रिक्टला स्वतः सुनावणीला जावं लागतं. हे हत्यार पहिल्या दिवशी टेबलावर ठेवायचं नसतं. आहे एवढं ठाऊक असलं की माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो.

मीटिंगमध्ये कुणी गोड बोलून "आजच सही करून टाकूया ना" म्हटलं तर एवढंच म्हण: "मी घरी नेऊन वाचते." इथे कुणाला राग येत नाही. आपल्याकडे हेडमास्तरांसमोर असं म्हटलं की आगाऊपणा वाटतो, म्हणून जीभ वळत नाही. वळव.

निकाल काहीही येऊ शकतो. स्पेशल एज्युकेशनची गरज नाही, ईएसएल आणि वाचनाचा जादा सरावच पुरेसा, असंही निघेल. आयईपी नाही पण वर्गात काही सवलती हव्यात असं निघालं तर 504 नावाची वेगळी, हलकी व्यवस्था आहे. आणि वाचनाचा विशिष्ट दोष निघाला तर अक्षर आणि ध्वनी यांचं नातं पायरी पायरीने, रोज, ठरलेल्या पद्धतीने शिकवणारा शिक्षक माग. "रोज थोडा वेळ वाचनाची मदत" इतकं मोघम लिहून घेऊ नकोस: कोण, किती मिनिटं, किती मुलांच्या गटात, कुठल्या पद्धतीने, आणि प्रगती कशी मोजणार, हे आयईपीत लिहिलेलं हवं. छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये माणसं कमी असतात, त्यामुळे "आमच्याकडे तसं शिकवणारं कुणी नाही" हे उत्तर मिळू शकतं. ते उत्तर म्हणून चालत नाही. मुलाची गरज आधी ठरते, मग डिस्ट्रिक्टने माणूस शोधायचा: प्रशिक्षण द्या, शेजारच्या डिस्ट्रिक्टबरोबर वाटून घ्या, बाहेरून आणा. क्षेत्रफळाने पुणे जिल्ह्याच्या दीडपटही नसलेल्या या राज्यात जवळजवळ 600 स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. एकमेकांकडून माणसं घेणं त्यांना नवीन नाही.

छोट्या गावाची एक दुसरी बाजू तू लिहिली नाहीस, पण ती तुला लवकरच कळेल. लंचरूममध्ये मदत करणारी बाई तुमच्याच बिल्डिंगमध्ये राहते, डिस्ट्रिक्टचा कारभार बघणाऱ्या बोर्डावरचा एकजण तुमच्या नेहमीच्या दुकानात भेटतो. "सगळ्यांना कळेल" ही भीती अशा गावात खोटी नाही. कर्मचाऱ्यांना मुलाबद्दल बाहेर बोलता येत नाही, ते बहुतेक पाळतातही. मुलाला मात्र तुम्ही स्वतः सांगा, घाबरवून नाही: "तुला वाचायला सोपं जावं म्हणून एक टीचर बघणार आहेत." साडेसात वर्षांच्या मुलाला आपण मागे आहोत हे आधीच ठाऊक असतं. पोट त्यामुळेच दुखतंय.

राहिली बस. नियम असा की किंडरगार्टन ते आठवीच्या मुलाचं घर शाळेपासून 2 मैलांपेक्षा जास्त असेल तरच डिस्ट्रिक्टला न्यावंच लागतं. हायस्कूलला ही मर्यादा अडीच मैल. अंतर सार्वजनिक रस्त्याने किंवा पायवाटेने, सगळ्यात जवळच्या मार्गाने मोजतात. 1.8 मैलांवर हक्क बसत नाही, भांडून उपयोग नाही. पण अनेक डिस्ट्रिक्ट उरलेल्या जागा वर्षाची फी घेऊन देतात. हे शाळेच्या ऑफिसला विचारू नकोस, छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये बसचं काम बहुतेक बिझनेस ऑफिस बघतं. वाटेत फुटपाथ नसलेला पट्टा किंवा मोठा हायवे ओलांडावा लागत असेल तर धोकादायक मार्ग म्हणून बस मागता येते. तो निर्णय बोर्ड घेतं. बोर्डाची सभा खुली असते, लोकांना बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात, त्यासाठी सिटिझन असावं लागत नाही. तिथले सदस्य गावातलेच, निवडून आलेले, बिनपगारी. नगरसेवकासमोर उभं राहिल्यासारखं वाटून घेऊ नकोस. त्या पट्ट्याचे मोबाइलवर काढलेले फोटो घेऊन जा, सकाळच्या बर्फातले. कॉर्नरवर क्रॉसिंग गार्ड हवा असेल तर तो मात्र शाळा देत नाही, गावाचं पोलीस खातं देतं, तेव्हा तो अर्ज वेगळा.

तोवर त्याच रस्त्याने सकाळी गाडी नेणारं कुणी आहे का, हे सेकंड ग्रेडच्या पालकांच्या ग्रुपवर विचारून बघ. पेट्रोलचे पैसे देऊ केलेस तर कुणी घेणार नाही, पण कधी शनिवारी पोहे पाठवलेस तर डबा नक्की रिकामा येईल.